जीपचं तोंड

“तात्या, सरका तिकडं,” संपतदादा म्हणाला.

कुसरीच्या खिंडीत, वरच्या वळणाच्या जरा अलीकडे आमची जीप थांबली होती. आधी तिनं आचके दिले, मग इंजिन खाकरलं आणि गप्प झालं. तात्यांनी हँडब्रेक गच्च ओढून धरला होता. ठकूबाई उतरून मागच्या चाकाखाली दगड सारत होती. ठकूबाई सड्यावरच्या, म्हणजे खिंडीच्या वरच्या पठारावरच्या धनगरवाड्यातली. रोज सकाळी दूध घेऊन खाली यायची आणि रिकाम्या कॅनसकट तात्यांच्या जीपमधून वर जायची. कुठला दगड चाकाखाली नीट बसतो हे तिला पाठ झालं होतं, यावरून काय ते समजा.

तात्यांनी सेल्फ मारला. इंजिन नुसतं गरगरलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

दादा उतरून ड्रायव्हरच्या बाजूला आला. त्या जुन्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती आणि तिचं झाकण बाहेरच्या अंगाला, बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर लागेल असं. पेट्रोलचा काटा मी शाळेत असतानाच मेला होता. त्यामुळे गाडी थांबली, की पहिलं काम म्हणजे झाकण फिरवून काढायचं आणि आत निरगुडीची काडी बुडवायची. आमच्या घरची ती रीतच होती. दादानं काडी बुडवली, वर काढून उन्हात धरली. निम्मी ओली होती.

“पेट्रोल तर मायंदाळ हाय.” त्यानं झाकण आवळून लावलं. “सरका म्हटलं न्हवं?”

तात्या सरकले नाहीत, उतरलेच. मागच्या बाकावर दुधाच्या कॅनांच्या गर्दीत जाऊन बसले. दादानं सेल्फ मारला. इंजिन शिंकलं, सगळी जीप हादरली आणि पुन्हा थांबली. दुसऱ्या खेपेला मात्र धडधडत चालू झालं. थोडा वेळ लंगडलं, मग सुरळीत लागलं. दादानं पहिला गिअर टाकला आणि जीप एका दमात सड्यावर नेली.

“तात्या बसला की ही बसती, संपत बसला की उठती,” ठकूबाई हसत म्हणाली. “जनावर कसं, हात वळखतंय.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तात्या बाहेर बघत राहिले. मी त्यांच्या समोरच बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण चिडायचं कुणावर तेच कळेना.

मी शैला, तात्यांची धाकटी. त्या वेळी मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवत होते आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी येऊन तशीच सड्याच्या फेरीला जीपमध्ये बसले होते. मी हट्टी आहे हे लपवण्यात अर्थ नाही. आई म्हणते, सटवाईनं हिच्या कपाळावर लिहिलं नाही, खिळाच ठोकला.

सड्यावर जायला तेव्हा रस्ता नव्हता. जांभ्या दगडाची, गाडीच्या चाकांनीच घासून घासून झालेली वाट होती आणि तिच्यावर तात्यांची मिलिटरीच्या लिलावातली जीप सोडून दुसरं वाहन चढत नसे. वस्तीवरच्या बाळंतिणी, परीक्षेला निघालेली पोरं, लग्नाची भांडी, एकदा तर आजारी रेडकू, सगळं तात्यांनीच ने-आण केलेलं. गावात तात्यांना कुणी ज्ञानदेव मोहिते म्हणत नसे, ‘जीपवाले तात्या’ म्हणत.

दिवाळीनंतर जीपला हे आचके सुरू झाले. नेहमी खिंडीतच. एकदा त्याच वळणावर बंद पडली, ब्रेक लागेपर्यंत मागे घसरली आणि मागचं चाक दरीच्या कडेला जाऊन टेकलं. आत बायका होत्या. त्या दिवसापासून दादा तात्यांना एकटं सोडत नसे. स्वतःची गिरणी बंद ठेवून शेजारी बसायचा. तालुक्याच्या मेस्त्रीनं प्लग बदलले, पॉईंट बदलले, कार्ब्युरेटर सोडून धुतला. गॅरेजच्या दारात जीप दरवेळी सुतासारखी सरळ. शेवटी मेस्त्री दादाला बाजूला घेऊन म्हणाला, गाडीत काही नाही, ड्रायव्हरचं वय बघा.

तेवढं पुरलं. क्लचवरचा पाय गेला, चढाला रेस धरता येत नाही, असं आधी एकजण बोलला, मग गाव बोललं.

त्या संध्याकाळी मी परसातून घरात येत होते. पडवीत तात्या भिंतीला टेकून बसले होते. समोर एक पाट उभा करून त्यांनी तो जोत्याला टेकवला होता आणि डाव्या पायानं ते तो पाट दाबत होते. दाबायचे, धरून ठेवायचे, अगदी सावकाश सोडायचे. पुन्हा दाबायचे. मला बघितल्यावर पाय आखडून घेतला.

“मुंग्या आल्याती पायाला,” ते म्हणाले.

“तात्या, खरं सांगा. क्लच सोडताना चुकतं का काही?”

“मला तरी न्हाय वाटत.” ते पाटाकडे बघत होते. “पर समदीच म्हणाया लागल्यावर, बाय, माणसालाबी वाटाया लागतं. पाय काय, सांगून थोडाच जातूय?”

उभ्या जन्मात मी तात्यांना असं पडेल बोलताना ऐकलं नव्हतं. तिथंच मी ठरवलं, की हे जीपचं दुखणं आहे, तात्यांचं नाही, आणि ते शोधल्याशिवाय मी एसटीत पाय ठेवणार नाही.

आईनं चहा आणला. आम्हाला गुळाचा, तात्यांना कोरा, बिनगोडाचा. तात्या लहानपणी गुऱ्हाळावर राबले होते. तेव्हापासून गुळाचा नुसता वास आला तरी तोंड फिरवायचे. संक्रांतीच्या पोळीलासुद्धा शिवत नसत.

“सोमवारी सांगलीचा माणूस येतोय,” दादा कपात बघत म्हणाला. “जीप घिऊन जाईल. बोलणं झालंय माझं.”

तात्यांनी कप खाली ठेवला. आई उठून आत गेली.

“मला उद्याचा दिवस दे,” मी म्हणाले.

“शैले, तुझ्या शाळेतला फळा न्हाय हा. चाक कड्याला टेकलं हुतं, चाक! मी बघितलंय. आत शेवंताकाकी हुती, तिची सून हुती. काय झालं असतं तर तात्या जगलं असतं का मागं?”

त्याचंही खोटं नव्हतं. तो तात्यांच्या वाईटावर नव्हता, घाबरला होता.

“उद्या आम्ही दोघंच जातो. एकही माणूस आत घेत नाही. दुखणं सापडलं, तर संध्याकाळी तू शेजारी बसायचं आणि तात्या गावापासून सड्यापर्यंत एका दमात नेतील. मध्ये एकदा जरी थांबली, तरी सोमवारी चावी मी स्वतः त्या माणसाच्या हातात देईन.”

दादानं तात्यांकडे बघितलं. “तात्या?”

“बघूया की,” तात्या म्हणाले. “हिला न्हाय म्हणून कुणाचं चाललंय?”

रविवारी सकाळी मी बॉनेटखाली डोकं घालून वायरी तपासत होते. आई ताट घेऊन आली. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. आईनं हल्ली ती रोजची करून टाकली होती. चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावत ती पलीकडच्या बाजूला गेली आणि मला तिचं पुटपुटणं ऐकू आलं.

“खा बाय. जशी नेतीस तशी माघारी आण.”

मला हसू आलं. बॉनेट पाडून मी आत चढायला गेले, तर पायरीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागलेली. दुधाच्या कॅनमधलं काही सांडलं असेल म्हणून मी फडक्यानं झटकून टाकली.

“हे बघा तात्या,” निघताना मी बजावलं, “आज गाडी थांबली, की मी सांगेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. आम्ही पोरांना हेच शिकवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम केल्या, की गाडी चालू होते, पण कशानं झाली ते कळत नाही.”

“बरं, मास्तरीणबाई.”

ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळ्यांमधून वाट वर लागली. मी तात्यांच्या पायांवर नजर ठेवून होते. क्लच दाबणं, सोडणं, रेस धरणं, सगळं लोण्यासारखं. वर्गातल्या एकाही पोराला मी तसं शिकवू शकले नव्हते. निम्म्या चढापर्यंत इंजिन गुणी बाळासारखं चाललं. मग खिंड दिसायला लागली आणि पहिला आचका बसला. तात्यांचा चेहरा उतरला.

“बघ. माझा पाय हललाबी न्हाय, बघितलंस न्हवं?”

“बघितलं. चालू द्या.”

दुसरा आचका, तिसरा. वळणाच्या अलीकडे, रोजच्याच जागी जीप बंद पडली. मी उडी टाकून ठकूबाईचा दगड चाकाखाली सारला. वर येऊन बघते, तर तात्यांचा हात सवयीनं खाली टाकीच्या झाकणाकडे गेला होता.

“हात लावू नका!” मी इतक्या जोरात ओरडले, की जाळीतला कवडा उडाला.

“आगं, पेट्रोल बघतू.”

“निघताना टाकीत होतं, वाटेत कुणी प्यायलं नाही. सरका तिकडं.”

ते शब्द तोंडातून गेले आणि मलाच कसंतरी झालं. तात्या मुकाट्यानं बाजूच्या सीटवर सरकले. मी त्यांच्या जागेवर बसले, क्लच दाबला, सेल्फ मारला. इंजिन गरगरलं. पुन्हा मारला. चोक ओढून मारला. काही नाही. बॅटरी मलूल व्हायला लागली तेव्हा थांबले आणि तात्यांकडे वळले.

“आता सांगा. माझा पण पाय गेला का?”

तात्या माझ्याकडे बघतच राहिले.

“संपत बसला की चालू हुती ती...” ते हळूच म्हणाले.

“तेच. दादा बसायच्या आधी काय करतो?”

“काय करतूय? उतरतूय, इकडं येतूय...” ते थांबले. “काडी घालतूय.”

“आणि मेस्त्री?”

“त्योबी आधी काडीच घालतूय.”

माझ्या मनात काहीतरी खट्कन जागेवर बसलं, पण मी घाई केली नाही. हट्टी माणसाला एवढं एक बरं असतं, तो उत्तर माहीत असलं तरी गणित पुरं सोडवतो. मी एक प्लग काढून वायरीला लावला, इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि तात्यांना सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी टकटक उडाली. म्हणजे करंट शाबूत. मग पेट्रोल ओढणाऱ्या छोट्या पंपाची काचेची वाटी पुसली. त्या वाटीत नेहमी पेट्रोल दिसायला हवं. ती कोरडी ठणठणीत होती.

“टाकी निम्मी भरलीय आणि इथं थेंब नाही,” मी म्हणाले. “तात्या, आता इकडं या. वाटीवर नजर ठेवा. मी झाकण सोडते.”

मी टाकीपाशी गुडघ्यावर बसले. झाकण घट्ट बसलं होतं, आतून कुणी धरून ठेवल्यासारखं. दोन्ही हातांनी जोर करून फिरवलं. ते सुटलं, आणि टाकीनं ‘फुस्स’ करून हवा आत ओढून घेतली.

“ऐकलंत?”

“ऐकलं.”

“आता पंपाची दांडी हातानं हलवा.”

तात्यांनी दांडी हलवली. काचेच्या वाटीत पेट्रोल उसळून आलं. तात्या वाकून ते बघत राहिले, वाटी भरेपर्यंत दांडी हलवत राहिले. मग त्यांनी पाठ सरळ केली.

“तेलाचा डबा,” ते म्हणाले.

“काय?”

“आगं, गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं, की तेल कसं गचकं खात पडतंय? दुसरं भोक पाडलं, की धार लागती. हितं दुसरं भोक बुजलंय.”

मी वर्गात हे समजावून सांगायला अख्खा तास घेत असे. तात्यांनी दोन वाक्यांत उरकलं. टाकीच्या झाकणाला मधोमध सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं. पेट्रोल जितकं खर्च होईल तितकी हवा तिथून आत यायची. ते बुजलं, की इंजिन थोडा वेळ जोर लावून ओढतं, चढ लागला की धापा टाकतं आणि मग थांबतं. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. आणि दादा शेजारी बसायला लागल्यापासून झाकण उघडणारा माणूस नेहमी दुसराच असायचा. दादा खिंडीपासून वर चालवायचा, तेवढ्या अंतरात पुन्हा श्वास कोंडायला वेळच मिळत नसे. तात्या मात्र रोज खालपासून बसायचे.

“म्हंजी माझा पाय...”

“तुमच्या पायाला काही धाड भरलेली नाही, तात्या!”

तात्यांनी तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं बराच वेळ चेहरा पुसला. मी झाकण हातात घेऊन उगीचच उलटसुलट करत राहिले. ऊन चढलं होतं म्हणून घाम पुसतायत, असं आम्ही दोघं धरून चाललो.

मग मी झाकणाकडे नीट बघितलं. वरच्या बाजूनं त्यावर तांबूस-काळसर, चिकट पापुद्रा चढला होता. थरावर थर. त्यात कुंकू होतं, हळद होती, आणि दोन-चार मुंग्या अजून चिकटून होत्या.

“हे काय आहे?”

तात्यांनी झाकण घेतलं. अंगठ्याच्या नखानं पापुद्रा खरवडला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

“गूळ,” ते म्हणाले.

खाली गावातली कौलं दिसत होती, आमच्याही घराची.

“दसऱ्याच्या सुमारास मी एकदा भवंड यिऊन पडलू हुतू,” तात्या सांगू लागले. “आंगणातच. तुला कळवू दिलं न्हाय मी. तवा तुझ्या आईनं कडजाईदेवीला नवस बोलला. धनी गाडी घिऊन निघालं, की रोज गाडीच्या तोंडाला गुळाचा घास दीन, त्यांस्नी धड माघारी आण म्हणून. मला इचारलं, गाडीचं तोंड कुटं आसतंय वो? म्या म्हटलं मला काय ठावं. तर तीच म्हणली, पेट्रोल पिती तितंच आसणार की.”

“म्हणजे आई रोज...”

“रोज. आंगठ्यानं दाबून लावती. पडू न्हाय म्हणून.”

नवऱ्याला काही होऊ नये म्हणून आईनं लावलेल्या घासानं जीप दरीच्या कडेला नेऊन टेकवली होती. मला हसावं की रडावं कळेना.

तात्यांनी करवंदीचा एक काटा मोडून घेतला आणि जपून भोक मोकळं केलं. तोंडानं फुंकून बघितलं. हवा आरपार गेली. मग पापुद्रा सगळा खरवडून काढला. मात्र कुठंही न झटकता एका पानावर गोळा केला आणि ते पान जाळीच्या मुळाशी ठेवलं.

“शैले, आईला सांगायचं न्हाय.”

“तात्या, असं कसं? गावानं तुमच्या पायाला नावं ठेवली. दादानं तुम्हाला मागं बसवलं. कारण सांगायला नको लोकांना? मी पोरांना सांगते, दुखणं काढलं की कारण लिही.”

“तू लिही की तुझ्या वहीत. तिला सांगू नगंस.” त्यांचा आवाज चढला नाही, पण तो काल संध्याकाळचा पडेल आवाजही नव्हता. “चाक कड्याला टेकलं त्या रातीपासनं ती धड जेवली न्हाय. आपल्या हातानंच झालं म्हणून कळलं, तर ती जन्मात देवाला हात जोडायची न्हाय. न्हाईतर जोडतच बसंल. दोन्ही नगं मला.”

“पण उद्या सकाळी ती पुन्हा गूळ लावेल.”

“त्ये मी बघतू. तू बस गाडीत.”

संध्याकाळी दादा शेजारी बसला. मी मागे. दादानं येताना निरगुडीची काडी बरोबर घेतली होती. तात्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि अंगणात फेकली.

“न्हाय लागायची,” ते म्हणाले.

ओढा गेला, करवंदीच्या जाळ्या गेल्या. खिंड दिसायला लागली तसा दादानं समोरचा दांडा घट्ट धरला. रोजची जागा आली. ठकूबाईचा दगड वाटेच्या कडेला पडला होता. इंजिनचा सूर जरासुद्धा बदलला नाही. वळण आलं, तात्यांनी गिअर खाली घेतला, जीप कलली, सावरली आणि तशीच वर सड्यावर निघाली. पश्चिमेचं ऊन एकदम तोंडावर आलं.

तात्यांनी जीप थांबवली. बंद केली. मुद्दाम थोडा वेळ तशीच ठेवली आणि पुन्हा सेल्फ मारला. एका फटक्यात चालू.

“काय हुतं?” दादानं विचारलं.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तात्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

“झाकणाचं भोक बुजलं हुतं,” ते म्हणाले. “वाऱ्याला वाट नव्हती. तुज्या भैणीनं काढलं हुडकून.”

“आन् कशानं बुजलं?”

“धुरळा काय कमी हाय व्हय ह्या वाटंला?”

दादा उतरला. जीपच्या पुढून फिरून मागच्या बाजूला आला आणि माझ्या समोर, काल तात्या बसले होते त्या जागेवर बसला.

“पुढं बस की,” तात्या म्हणाले.

“न्हाय. हितंच बरं हाय.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “सांगलीला फोन करतू मी. येऊ नगं म्हणून.”

सोमवारी माझी एसटी सकाळची होती. तात्या मला फाट्यावर सोडून मग सड्याची फेरी करणार होते. जीप अंगणात चालू होती. आई ताट घेऊन आली. चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि गुळाचा खडा बोटांत धरून टाकीच्या झाकणाकडे वाकली.

“गोदे, थांब,” तात्या म्हणाले.

“काय वो?”

“ही गाडी कोण चालीवतंय?”

“तुमी. आन् कोण?”

“मग ही कुणाच्या जोरावर जाती आन् येती?”

आई गोंधळली. “तुमच्या.”

“मग गाडीचं तोंड म्हंजी कोण?” असं म्हणून तात्या जीपमधून बाहेर वाकले आणि त्यांनी तिच्यापुढं आ केला.

अंगणात दादा होता, वहिनी होती, मी होते. साठी गाठलेली आई लाजेनं लाल झाली. “आवो, पोरं बघत्याती,” म्हणाली. तात्यांनी तोंड मिटलं नाही. शेवटी तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तो गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला.

“खावा,” ती म्हणाली. “जसं जाता तसं माघारी या.”

तात्यांनी तो गूळ चावला. गुऱ्हाळाचा वास आला तरी वाट बदलणारा माणूस, पण कपाळावर आठी म्हणून उमटू दिली नाही. फाट्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मी उतरल्यावर मात्र त्यांनी पाण्याची बाटली मागून घेतली आणि खळखळून चूळ भरली.

पुढं सड्यावर डांबरी झाली, एसटी सुरू झाली, तोवर तात्यांनी जीप चालवली. खिंडीत ती पुन्हा कधी थांबली नाही. सुट्टीला आले, की मी रोज सकाळी तो सोहळा बघायची. आई घास द्यायची, तात्या खायचे. एकाही दिवशी ते नको म्हणाले नाहीत.

तात्या गेल्याला आता वर्षं झाली. जीप गोठ्याशेजारच्या छपरात उभी आहे. मागच्या दसऱ्याला गावी गेले, तेव्हा आईनं मला तिची पूजा करायला लावली. म्हातारपणानं तिला वाकवत नव्हतं. मी चाकांना, बॉनेटला हळदकुंकू लावलं. ताटात गूळ नव्हता.

“गूळ आणू का, आई?”

“कशाला? चालीवणारा गेला.” तिनं टाकीच्या झाकणावरून हात फिरवला आणि अंगठा मधोमध, त्या भोकावर टेकला. “आन् हितं लावलं, की श्वास कोंडतूय हिचा.”

मी दचकले. “तुला कुणी सांगितलं?”

“कोण सांगतंय? झाकणावरचा गूळ बंद झाला आन् त्या दिसापासनं गाडी बंद पडायची थांबली. मी काय येडी हाय?”

“मग तात्यांना कधी बोलली का नाहीस?”

आईनं पदरानं झाकण पुसलं.

“गुळाचं नाव काढलं की तोंड फिरवणारा माणूस,” ती म्हणाली, “रोज सकाळी माझ्यापुढं तोंड उघडायचा. मी कशाला बोलतीया?”